अठ्ठ्याहत्तर पानांची पेटी

आपल्या घरांतून किती प्रकारच्या पेट्या नांदत असतात, याची एकदा स्वस्थपणे मोजदाद करावी. कुंकवाचा करंडा, आरसा बसवलेली फणेरी पेटी, पानाचा डबा, देवांचा संपुष्ट, दागिन्यांची लाकडी डबी, लोणच्याची बरणी (हीही एक पेटीच, फक्त चिनीमातीची), आणि सगळ्यांच्या तळाशी आजोबांच्या वेळची ट्रंक. माणसाला ज्याची किंमत वाटते त्याला तो चांगली पेटी करतो, असे एक ढोबळ गणित आपण मांडतो. मला ते पुरते पटलेले नाही. आमच्या घरी जमिनीचा सातबारा एका जुन्या पंचांगाच्या घडीत पडलेला असे आणि सर्वांच्या जन्मपत्रिका मात्र लाल खारव्यात गुंडाळून, वर पत्र्याच्या नळकांड्यात घालून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेल्या असत. जमिनीवर आमचे पोट होते. पत्रिकांवर काय होते हे सांगणे कठीण. पण पावसाळ्यात छत गळू लागले की आई आधी धावायची ती नळकांड्याकडे.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ जो संग्रह उभा केला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला, तो पाहताना हाच विचार माझ्या मनात घोळत होता. अडकित्ते, दिवे, दौती, पेट्या, पानदाने! आतले कात-सुपारी-अत्तर कधीच संपून गेले, ते खाणारी तोंडे गेली, आणि उरली ती भांडी. कारागिराने आतल्या वस्तूसाठी म्हणून जे केले, ते तिच्यावाचूनही उभे राहिले. तेव्हा आतल्या वस्तूशी पेटीचे नाते नेमके काय? आणि पेटी करणाऱ्याचे काय? मला हा प्रश्न नुसता डोक्याने पडला असता तर मी तो दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे घेऊन आलो नसतो. फराळाच्या ताटात तत्त्वज्ञान वाढू नये एवढे मलाही कळते. पण तो माझ्या हातांना पडला, म्हणून सांगतो.

मी नंदुरबारला चित्रकलेचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर लाकडी पेट्या करण्याचा नाद जडला. आमच्या गावात जुनी माडीची घरे पडतात तेव्हा त्यांच्या तुळयांचा साग मोडीत मिळतो. सत्तर-ऐंशी वर्षे डोक्यावर कौले वाहून तो इतका मुरलेला असतो की त्याची फळी पुन्हा वाकण्याचे नाव घेत नाही. रंधा मारला की वरची काळी साल जाते आणि आतून मधासारखा रंग उघडतो. त्या वासासाठीसुद्धा माणसाने सुतारकी करावी.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. गेल्या पावसाळ्याआधी तिचा फोन आला. "मामा, मला एक पेटी करून द्याल का? टॅरोच्या पत्त्यांसाठी. बाजारात मिळतात त्या अगदीच खोक्यासारख्या असतात." टॅरो म्हणजे भविष्य पाहायचे पत्ते. हल्ली शहरांत ही विद्या बरीच बोकाळली आहे, आणि आमची भाची, जी गणितात पदवीधर आहे, ती सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या बायकांना पत्ते मांडून देते, हे मला तेव्हाच कळले. मी माप विचारले. पत्ता साधारण बारा सेंटीमीटर लांब, सात रुंद. पाने अठ्ठ्याहत्तर, त्यांचा गठ्ठा तीनएक सेंटीमीटरचा. "आणि वर नक्षी हवी," ती म्हणाली, "चंद्र, सूर्य, एखादा डोळा. पेटी पाहूनच माणूस गंभीर झाला पाहिजे."

या शेवटच्या वाक्याने माझा रंधा अडला.

माझा भविष्यावर विश्वास नाही. पण नाही म्हणून मी देव्हारे करायचे सोडलेले नाहीत, आणि शेजारच्या मशिदीच्या मौलवींना मी रेहाल, म्हणजे पोथी ठेवायची ती दुमडती घोडी, करून दिली आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेला आपल्या हाताचे काम देताना आपली श्रद्धा मध्ये आणण्याचे कारण नाही, असेच मी आजवर समजत आलो. इथे अडचण निराळी होती. ती श्रद्धेची वस्तू ठेवायला पेटी मागत नव्हती, तर पेटीकडून श्रद्धा उत्पन्न करण्याचे काम मागत होती. माझी पटाशी, माझी लाख, माझ्या हाताची सफाई ही त्या पत्त्यांच्या बाजूने साक्ष देणार होती. साधे खोके उघडून काढलेल्या पत्त्याचे कुणी ऐकेल न ऐकेल. पण सागाच्या, लाखेच्या, सावकाश सरकणाऱ्या झाकणाच्या पेटीतून जे निघते ते खोटे कसे असेल?

या पत्त्यांची कुळकथा मोठी मौजेची आहे. ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मले, आणि जन्मले ते खेळायचे पत्ते म्हणून. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सरदार घराण्यांसाठी सोन्याच्या वर्खाने रंगवलेले त्या शतकातले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. साधी पाने छप्पन्न आणि वर बावीस हुकमाची. चार माणसांनी बसून हात करायचे. तीनशेहून अधिक वर्षे त्यांच्यात कुणाला भविष्य विशेष दिसले नाही. मग १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या एका पंडिताने जाहीर केले की ही प्राचीन इजिप्तची गुप्त विद्या आहे. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा युरोपात कुणालाच वाचता येत नव्हती; ती शाँपोलियाँने उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे जे वाचता येत नाही त्याच्या नावावर वाटेल ते खपवता येते, हा नियम तिकडेही लागू आहे. जेबलँच्या मागोमाग एतेया हे नाव घेतलेला एक गृहस्थ आला आणि त्याने पत्ते मांडून भविष्य सांगण्याचे शास्त्रच छापून काढले. आज जे पत्ते सर्वत्र दिसतात त्यांची चित्रे १९०९ साली लंडनला पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. पत्त्यांना नाव मिळाले ते प्रकाशकाचे आणि ज्यांनी तिला काम सांगितले त्या वेट साहेबांचे. ती बिचारी १९५१ मध्ये हलाखीत वारली. लाखो लोकांचे नशीब ज्या चित्रांतून वाचले गेले, ती काढणारीला स्वतःचे नशीब काही सुधारता आले नाही. हे मी उपहासाने म्हणत नाही. चित्रकलेच्या मास्तराला असली गोष्ट जरा जास्तच लागते.

याच्या उलट आपली गंजिफा पाहा. गंजिफेचे पत्ते गोल. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातल्या गंजिफेचे वर्णन अबुल फज़लने केले आहे. मोगली गंजिफेची पाने शहाण्णव. ती आपल्याकडे आली, रुळली, आणि आपल्या लोकांनी तिच्यात दहा अवतार आणून बसवले. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने, एकूण एकशेवीस. दिवसा खेळ असेल तर सुरुवात रामाच्या राजाने, रात्री असेल तर कृष्णाच्या. केवढी ही लोभस शिस्त! या पत्त्यांचे आपल्या बाजूचे माहेर म्हणजे सावंतवाडी. आमचे नंदुरबार महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला आणि सावंतवाडी दक्षिणेच्या. पण मी मुद्दाम जाऊन चितार आळी पाहून आलो, राजवाड्यात चालणारे कामही पाहून आलो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे ती जाणणारे उरले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवली, म्हणून ती आज हयात आहे.

चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचा लेप पानावर द्यायचा, वाळला की दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, मग रंग, मग बारीक कुंचल्याची रेघ, मग लाखेची चकाकी. आणि एवढी एकशेवीस पाने झाली की त्यांची पेटी! लाकडाची, लांबट, वर सरकते झाकण, आणि त्या झाकणावर, चारही अंगांवर अवतारांची किंवा वेलबुट्टीची चित्रे. एकही बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. मी ती पेटी हातात घेऊन किती वेळ बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. झाकण खोबणीत असे बसवलेले की बोटाने जरा रेटले तर सरकते आणि पेटी उलटी केली तरी पडत नाही. सुताराला हे किती अवघड असते ते सुतारच जाणे. खोबण दोन सूत खोल हवी, तिच्यात फळीला उन्हाळ्यात आक्रसायला आणि पावसात फुगायला जागा ठेवली पाहिजे, आणि तरीही ती खुळखुळता कामा नये.

परंतु मला त्या पेटीपाशी खिळवून ठेवणारी गोष्ट दुसरीच होती. आत देव होते आणि तरी ती पूजेची नव्हती. कुणी तिला कुंकू लावत नव्हते. तिच्यातून देव बाहेर निघत, तासभर खेळत, वामनाचा एक्का नरसिंहाच्या प्रधानाइतकाच हातोहात फिरे, आणि डाव संपला की सगळे मोजून पुन्हा आत. नवग्रहांचीही गंजिफा असते. नऊ रंग, एकशेआठ पाने. विचार करा! पत्रिकेत जो शनी पाहून बापाचे तोंड उतरते, त्याच शनीचा राजा गंजिफेत हाती आला तर खेळणारा मिशीत हसतो. एकाच ग्रहाला एका कागदावर आपण भितो आणि दुसऱ्या कागदावर त्याच्या जोरावर हात करतो. म्हणजे युरोपात जो खेळ होता त्याचे दैव झाले, आणि आपल्याकडे जे दैवत होते त्याचा खेळ झाला. यात कोण अधिक शहाणे हे मी सांगत बसत नाही, पण माझा कल तुम्हाला कळला असेलच.

इथवर विचार आला तेव्हा मला वाटले, मग सोपे आहे. भाचीला म्हणावे, बाई, तुझे पत्ते मुळात खेळाचे, पेटीही खेळाची करू. पण आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला इतक्या सोप्या रीतीने सुटता येत नाही.

लहानपणी दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला जात असू. तापीच्या काठी भरणारी ती यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. मोठी माणसे घोडे पाहत आणि आम्ही पोरे पोपटवाल्याभोवती. त्याचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर येई, रांगेतले एक पाकीट चोचीने ओढी, आणि मालक आतले चित्र उलगडून सांगे. राम निघाला तर चांगले, वनवास निघाला तर थोडे दिवस कळ काढा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर पोपट पाळणे गुन्हा झाले आणि हे दृश्य विरळ होत गेले. पोपटवाल्याने कुणाचे फारसे वाईट केल्याचे मला आठवत नाही. चार आण्यांत थोडी आशा, थोडी भीती, पोपटाला डाळिंबाचे दाणे. इतके निरुपद्रवी भविष्य मी पुढे पाहिले नाही.

पण त्याच तापीच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. तिकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, नोकरीच्या काळात मी काही वर्षे काढली. माणसे अत्यंत सरळ, आतिथ्यशील. होळीला ढोल वाजू लागले की अंगावर रोमांच उभे राहावेत. अशा पाड्यावर मूल आजारी पडते, म्हैस आटते, एकापाठोपाठ एक दोन मरणे होतात. दवाखाना दूर असतो. मग कुणी जाणत्याकडे जातो, आणि तो दाणे पाहतो. पुष्कळदा दाणे एवढेच सांगतात की अमुक देवाचे देणे राहिले आहे. कोंबडे द्या, सुटाल. पण कधी कधी प्रश्नच असा विचारला जातो की हे कुणी केले? आणि दाण्यांमधून एक नाव निघते. ते नाव बहुधा बाईचे असते; बहुधा विधवेचे, किंवा जिच्या वाट्याच्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे तिचे. तिला डाकीण म्हणतात. नंतर काय होते ते सणासुदीच्या अंकात मी सविस्तर लिहीत नाही. एवढेच सांगतो की घर सोडून रातोरात डोंगर उतरून आलेली एक म्हातारी मी पाहिली आहे. तिच्या हातात एक पितळी तांब्या होता आणि ती कुणाशीच बोलत नव्हती. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे हा आता त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा आला हे फार चांगले झाले. पण प्रश्न विचारणारी जीभ कायद्याला पकडता येत नाही.

"तुमचा आपला काहीतरीच संबंध, मामा!" भाची फोनवर म्हणाली. "कुठे ते दाणे आणि कुठे हे माझे पत्ते. माझ्याकडे शिकल्या-सवरल्या बायका येतात. नोकरी बदलू का, मुलगा परदेशी जाईल का, असले विचारतात. आणि खरे सांगू का, पान हे नुसते निमित्त असते. त्यांचे ऐकून घेणारे कुणी नसते घरात. पत्ते मांडले की त्या बोलतात. तासभर बोलतात. मी नुसती ऐकते."

हे मला खोटे वाटले नाही. ऐकून घेणे हे पुण्यकर्म आहे, आणि त्याला निमित्त लागते हेही खरे. न्हाव्याच्या दुकानात जे बोलले जाते ते घरच्या पाटावर का बोलले जात नाही? कुणीतरी तिऱ्हाईत, कसला तरी विधी, हातात काही वस्तू, एवढे असले म्हणजे माणसाचा घसा मोकळा होतो. तेव्हा पत्ते वाईट म्हणून मोडीत काढणारा मी कोण?

मी विचारायला महाभारताकडे गेलो. आपल्याकडचा माणूस अडला की तिकडेच जातो. धृतराष्ट्राने द्यूतासाठी हजार खांबांची, शंभर दारांची सभा बांधवून घेतली. ते खांब घडवणाऱ्यांना कुणी सांगितले नव्हते की या सभेत एका राज्याची, चार भावांची आणि एका राणीची पणाला लावणी होणार आहे. त्यांनी खांब सुबक केले, रत्ने जडवली, मजुरी घेतली आणि घरी गेले. त्यांना पापाचे वाटेकरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट, वारणावताला लाक्षागृह उभारणारा पुरोचन! तेही मोठे देखणे काम असले पाहिजे. किंबहुना ती एक नक्षीदार पेटीच होती, आत पाच माणसे आणि त्यांची आई ठेवायची. पण त्याला ती कशासाठी हे पक्के ठाऊक होते, आणि त्याच घरात तो जळून मेला तेव्हा व्यासांनी त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणलेले नाही. एका टोकाला अजाण सुतार, दुसऱ्या टोकाला जाणता पुरोचन. आपण सगळे, रोज काही ना काही करून देणारे, या दोहोंच्या मधे कुठेतरी बसलेलो असतो. छापखानेवाला आलेली जाहिरात छापतो, शिंपी मोर्चाचे झेंडे शिवून देतो, कारकून पुढे आलेल्या कागदावर शिक्का मारतो. कुणालाच पुढचे पुरते ठाऊक नसते, आणि अगदीच ठाऊक नसते असेही नाही. माझ्या मते कारागिराला एवढेच विचारता येते: मी पेटी करतो आहे, की पेटीच्या मिषाने दुसरेच काही? वस्तू जपली जावी म्हणून केलेली नक्षी वेगळी आणि माणूस दबावा म्हणून केलेली नक्षी वेगळी. हात तोच, कुंचला तोच. फरक तिऱ्हाईताला दिसणारही नाही. पण करणाऱ्याला तो माहीत असतो, आणि त्याने तो माहीत नसल्याचे सोंग आणू नये.

हे सगळे मी भाचीला फोनवर असे ऐकवले नाही. मी तिला म्हटले, "पेटी करतो, पण डोळा काढणार नाही."

गणेशोत्सवात ती चार दिवसांसाठी आली. ओसरीवर माझे काम चालले होते, ती शेंगा सोलत बसली होती. कबुतरी सांध्याचे तोंड मी पटाशीने साफ करत होतो आणि ती एकदम म्हणाली, "मामा, मध्यंतरी एक बाई आली होती. तिने विचारले, माझ्या घरात माझ्या वाईटावर कोण आहे? मी म्हटले, पत्ते असले काही सांगत नसतात. तरी ती म्हणाली, एक पान काढू द्या. तिने काढले. तलवारीची राणी निघाली. मी एक शब्द बोलले नाही, मामा. तीच त्या चित्राकडे बघत बसली आणि म्हणाली, हीच, माझी जाऊच ही, अगदी असेच नाक."

पटाशी माझ्या हातात तशीच राहिली.

"मग?"

"मग काय! मी पुष्कळ समजावले. हसून निघून गेली. पैसेही ठेवून गेली. अजून आलेली नाही."

ती तितकीच अस्वस्थ होती जितकी तिच्या जागी मी असतो, म्हणून मी सातपुड्यातल्या म्हातारीची आठवण काढली नाही. तिलाच ती आठवत असावी, कारण जरा वेळाने तिने विचारले, "त्या आजीचे पुढे काय झाले हो?" मला जेवढे माहीत होते तेवढे सांगितले. तिच्या भाचरांनी तिला तळोद्याकडे नेले, पुढे ती तिथेच राहिली, डोंगरावर परत गेली नाही. शेंगांची टरफले गोळा करता करता भाची म्हणाली की यापुढे ‘कोण’ या शब्दाने सुरू होणाऱ्या प्रश्नाला ती पत्ते बाहेर काढणार नाही. नोकरी, परीक्षा, प्रवास, काय वाटेल ते विचारा. माणसाचे नाव विचारायचे नाही. मला तो नियम चांगला वाटला. पुरेसा वाटला का, हे विचाराल तर नाही. कारण त्या बाईने ‘कोण’ असे विचारले नसते आणि तीच राणी निघाली असती, तरी नाक तेच दिसले असते. चित्रात माणसाला आपल्या मनातलेच तोंड दिसते, हे चाळीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवून मी जाणतो. ढगाचे चित्र काढायला सांगितले की एकाचा हत्ती होतो आणि एकाचा पोलीस. पण म्हणून जगातली सगळी चित्रे झाकून ठेवता येत नाहीत. मी तिला एवढेच सुचवले की राजा-राण्यांची पाने निराळी काढून ठेवावीत. ती म्हणाली, मग पत्ते बासष्टच राहतील, आणि मांडणीचा सगळा हिशेब बिघडेल. गणिताची पदवीधर ती! त्यावर आमचा वाद झाला आणि तो मिटलेला नाही.

पेटी झाली. आतून सोळा सेंटीमीटर लांब घेतली, म्हणजे बोट घालून पाने उचलता यावीत. बिजागरी नाही, कडी नाही, सावंतवाडीच्या चालीचे सरकते झाकण. आतून लाल खारवा लावला, पत्रिकांच्या नळकांड्याच्या आठवणीने. वरच्या अंगाला चंद्र-सूर्य काढले नाहीत. झाकणावर चार माणसे पत्ते खेळत बसलेली काढली: एक आजी, एक जावई, एक शाळकरी मुलगा आणि एक जरा लबाडी करत असलेली बाई, जिने एक पान गुडघ्याखाली दडवले आहे. बाजूंनी तापीच्या काठचे घोडे. जवसाचे तेल तीन हात, वर लाख. भाचीने पेटी हातात घेतली, झाकण मागे-पुढे केले आणि हसत सुटली. म्हणाली, "मामा, ही उघडताना कोण गंभीर होणार?"

नंतर मी टॅरोचे खेळाचे नियमही मिळवले. फ्रान्समध्ये हा खेळ आजही घरोघर खेळतात. अठ्ठ्याहत्तर पाने, चौघे जण, एक जण डाव घेणार आणि उरलेले तिघे त्याच्याविरुद्ध. बावीस हुकमांत एक विदूषक आहे, तो कधीही टाकता येतो आणि बहुधा कुणाला हरवत नाही. यात मृत्यूचे जे तेरा नंबरचे पान आहे, ज्याने पत्ते मांडणाऱ्या बायकांचे चेहरे पांढरे पडतात, ते नुसते तेरावे हुकूम आहे. चौदाव्याने मारता येते. मी ते नियम मराठीत उतरवून भाचीला पाठवले. गुण मोजण्याची रीत अर्ध्या-अर्ध्या गुणांची असल्याने आमच्या घरी त्यावरून भांडणे होणार हे नक्की.

पावसात झाकण जरा घट्ट झाले आहे, असा तिचा निरोप आला. मी म्हटले, मेणबत्ती घासू नकोस, थंडी पडली की आपोआप सैल होईल. ती जाऊबाईवाली अजून आलेली नाही. भाचीने एकदा आपणहून तिला फोन केला, इकडचे तिकडचे बोलली. जावेचा विषय त्या बाईने काढला नाही आणि हिलाही काढता आला नाही. भाऊबीजेला भाची इकडे येणार आहे, पेटी घेऊन. मी, ती आणि माझी बायको असे आम्ही तिघे होतो. चौथे शेजारचे मौलवी व्हायला तयार आहेत, पण त्यांची एकच अट आहे की डाव पैशांवर नको, शंकरपाळ्यांवर.